एक कॉलमच तर वाढवायचाय

"एक कॉलमच तर वाढवायचाय," मॅनेजर म्हणाले. या वाक्यातले 'च' आणि 'तर' फार घातकी. 'एक खिळाच तर ठोकायचाय' म्हणणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळपर्यंत गवंडी आलेला असतो.

कॉलम होता 'सदस्य झाल्याची तारीख'. आमच्या डेटाबेसमधल्या सदस्यांच्या टेबलात नाव होतं, ईमेल होता, पासवर्डचा हॅश होता, इतकंच काय, प्रोफाइलची पार्श्वभूमी कुठल्या रंगाची हवी तेही होतं. माणूस आमच्याकडे आला कधी, एवढं मात्र कुणी टिपून ठेवलं नव्हतं. ज्याने हे टेबल बनवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अशा माणसाचा मोठा आधार असतो, कुठल्याही बैठकीत त्याच्या नावावर काहीही खपवता येतं.

मॅनेजरांची अट एकच. "तारीख रिकामी चालणार नाही. कम्पल्सरी कर."

कम्पल्सरी म्हणजे डेटाबेसच्या भाषेत नॉट नल : नल, म्हणजे रिकामी चौकट, चालणार नाही. मी लॅपटॉपवर ऑल्टर टेबलची, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी, एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि काम झालंसुद्धा. 'पाहिलंत?' अशा नजरेने मी आजूबाजूला पाहिलं. लॅपटॉपवरचं माझं टेबल पूर्ण रिकामं होतं. जिथे माणूसच नाही तिथे कुठलाही ठराव बिनविरोध मंजूर होतो, हे डोक्यात आलं नाही.

तीच ओळ चाचणीच्या सर्व्हरवर चालवली, तर पोस्टग्रेसने, म्हणजे आमच्या डेटाबेसने, एका वाक्यात वाटेला लावलं : या कॉलममध्ये नल आहेत. मी चक्रावलो. कॉलमचा अजून जन्म नाही, त्यात नल कुठून आले? मग हळूहळू उजाडलं. टेबलात लाखो ओळी आधीपासून बसलेल्या. नवा कॉलम आला की प्रत्येकीच्या पुढ्यात एक रिकामी चौकट येणार आणि रिकामी चौकट चालणार नाही हे मीच बजावून सांगितलेलं.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणारा मित्र म्हणाला, "आमच्याकडे असली कटकट नाही." खरंच नाही. तिथे आकड्याचा कॉलम असेल तर जुन्या ओळींत शून्य आणि अक्षरांचा असेल तर रिकामी स्ट्रिंग भरून डेटाबेस मोकळा होतो, कुणाला विचारत नाही. मला त्या क्षणी असाच डेटाबेस हवा होता.

मग डिफॉल्ट आठवला, म्हणजे कुणी काही दिलं नाही तर आपोआप भरली जाणारी किंमत. डिफॉल्ट 'नाउ', आत्ताची वेळ. चाचणीत बिनबोभाट पार पडलं. 2018 साली आलेल्या पोस्टग्रेस 11 पासून अशा डिफॉल्टसाठी अख्खं टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. किंमत एकदाच काढून बाजूला नोंदवली जाते आणि जुनी ओळ कुणी वाचायला घेतली की तिच्यापुढे तीच दाखवली जाते. हे सगळं मी वाचलं होतं. फक्त 'एकदाच' या शब्दावरून नजर घसरली.

भर दुपारी मी ती ओळ खऱ्या सर्व्हरवर चालवली. पाच सेकंद गेली, दहा गेली, कर्सर नुसता लुकलुकतोय. तेवढ्यात डेटाबेस सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन.

"सदस्यांच्या टेबलावर तू आहेस का?"

"हो मॅडम, एक कॉलमच तर…"

"हिशेबाचा एक रिपोर्ट अर्धा तास चाललाय. तुझा ऑल्टर त्याच्यामागे उभा आहे आणि अख्खी साइट तुझ्यामागे. लॉक टाइमआउट लावलायस?"

"ते काय असतं?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. दोन सेकंदांनी माझी क्वेरी मेली. ती त्यांनी मारली.

झालं होतं ते असं. कॉलम वाढवण्याचं काम क्षणाचं, पण त्या क्षणी टेबलापाशी दुसरं कुणीही नको असतं. खिडकीशी एक माणूस निवांत चौकशी करत उभा आहे आणि त्याच्यामागचा म्हणतोय, 'माझा नंबर आला की आधी हॉल रिकामा करा.' त्याच्या मागच्यांना नुसतं डोकावून जायचंय, पण ह्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. चौकशी करणारा सुटतो, शिव्या मधल्याला. त्या दिवशी मधला मी होतो.

रात्री पुन्हा बसलो. या वेळी दोन सेकंदांचा लॉक टाइमआउट लावून, म्हणजे तेवढ्यात टेबल मोकळं मिळालं नाही तर आपणच रांग सोडायची. दोनदा हात हलवत परत आलो, तिसऱ्यांदा कॉलम उभा राहिला. सुखाने झोपलो.

सकाळी मार्केटिंगवाले आनंदाने वेडे झाले होते. नव्या तारखेवरून त्यांनी आलेख काढला होता. आजवर सपाट शून्य आणि काल रात्री उभी भिंत. आमचे झाडून सगळे सदस्य मध्यरात्रीनंतर 02:14:09.418263 या वेळेला एकदम दाखल झाले होते. "काल नक्की कुठली जाहिरात लागली?" असं एकाने मला बाजूला घेऊन विचारलं.

मॅडमना शरण गेलो. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं : आधी कॉलम रिकामाच येऊ दे, मग नव्या ओळींपुरता डिफॉल्ट लाव, जुन्या ओळी थोड्याथोड्या भर आणि शेवटी नॉट नल. मी कॉलम पाडला आणि पुन्हा उभा केला.

भरायचं काय, हा खरा प्रश्न. स्वागताची ईमेल गेल्याची नोंद सापडली तर ती तारीख, नाहीतर पहिली ऑर्डर. तीही नसेल तर क्रमांकाने शेजारी असलेल्या दोन सदस्यांच्या मधली कुठलीतरी. जन्मदाखला हरवलेल्या माणसाचं वय ठरवतात तसं. पाच-पाच हजारांच्या तुकड्या केल्या. संध्याकाळी 'तारीख बरोबर नल' अशी क्वेरी टाकून किती उरले ते पाहिलं. शून्य! घरी गेलो.

नल म्हणजे 'माहीत नाही'. एक माहीत-नाही दुसऱ्या माहीत-नाहीच्या बरोबरीचं आहे का, याचंही उत्तर 'माहीत नाही' असंच असतं. तेव्हा त्या क्वेरीला सात जन्मांत एकही ओळ सापडली नसती. सकाळी 'इज नल' लिहून पाहिलं तर ढीग. वर तो वाढतच होता. आयात करणारी एक जुनी स्क्रिप्ट तारखेच्या जागी हाताने नल लिहून पाठवत होती आणि हाताने लिहिलेल्या नलापुढे डिफॉल्टचं काही चालत नाही. नळ उघडा ठेवून मी फरशी पुसत होतो. स्क्रिप्टमध्ये तो बदल कुणी केला ते शोधलं. मीच केला होता, गेल्याच आठवड्यात, 'आधीच तयारी असावी' म्हणून.

शेवटी काही शे जण असे उरले की ज्यांचा मागमूस कुठेच नाही. मॅडम म्हणाल्या, "माहीत नसेल तर रिकामं ठेवा, नल त्यासाठीच असतो." मॅनेजर म्हणाले, "कम्पल्सरी म्हणजे कम्पल्सरी. काहीतरी टाक." मी त्यांना आमची सेवा सुरू झाली त्या दिवसाची तारीख टाकली. नॉट नल लागलं. एकही तक्रार आली नाही.

महिन्याभराने मार्केटिंगने नव्या कॉलमचा पहिला उपयोग केला. पहिल्या दिवसापासून साथ देणाऱ्यांना शोधून आभाराचं पत्र आणि सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र धाडलं. एक मलाही आलं. चाचणीसाठी कधीतरी उघडलेल्या आणि तिथेच विसरलेल्या खात्यावर. 'प्रिय टेस्ट टेस्ट टू,' अशी सुरुवात होती, 'आपल्यासारख्या निष्ठावंतांमुळेच आम्ही इथवर पोहोचलो.'