भाड्याची पाच तारीख

11 मार्च 2021. तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्व परीक्षा एमपीएससीने पुढे ढकलली आणि पुण्यात शास्त्री रोडवर पोरं उतरली. मीही चप्पल घातली होती. तो म्हणाला, "तू रूमवर जा. काय होतंय ते मी सांगतो." मी गेले. परीक्षा माझीही होती, पण त्याने रस्त्यावर आणि मी खोलीत, हे इतकं ठरलेलं होतं की त्याचं वाईट वाटायलाही मला दोन वर्षं लागली.

पेठांमध्ये अशी जोडपी ढिगाने सापडतील. एकदा मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, दिलेला तो, आणि त्याच्या नोट्सवर जगणारी ती. माझं टाइमटेबल तोच लावायचा. अभ्यासिकेत कुणाच्या शेजारी बसायचं नाही, हेही त्यातच. चुकलं तर ओरडायचा नाही, बोलणंच बंद करायचा. दोन दिवस, तीन दिवस. मग मी मेसमधून त्याचा डबा घेऊन जायचे आणि नक्की काय चुकलं ते न कळताच सॉरी म्हणायचे.

पुढच्या वर्षी माझं बँकेत क्लार्कचं झालं. आयबीपीएसचा फॉर्म त्याला न सांगता भरला होता. "कारकून होणार तू?" एवढंच म्हणाला. चार महिन्यांनी त्याच्या रूमचं भाडं माझ्याकडे मागितलं.

इथवरची गोष्ट सांगितली की मैत्रिणी माझ्या बाजूने असतात, म्हणून पुढची मी सहसा सांगत नाही.

भाडं मी दर महिन्याच्या पाच तारखेला पाठवायचे. मग मुद्दाम आठ तारीख करू लागले. त्याचा मेसेज यावा म्हणून. "अगं, जमेल का?" त्यातलं ते 'अगं' वाचायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी 2023 मध्ये पोरं परत रस्त्यावर बसली, मेन्सचा नवा वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहायचा, पॅटर्न 2025 पासूनच लावा म्हणून. त्याने तिथून फोन केला, मागे घोषणा चालू. मी कॅश जुळवून नुकतीच बाहेर पडले होते, डोकं उठलेलं. म्हटलं, "तिथे बसून काय मिळणारे? रूमवर जा." तो गप्प झाला. फोन ठेवल्यावर मला शास्त्री रोड आठवला.

बाई कमवायला लागली की नातं बरोबरीचं होतं म्हणतात. आमचं पारडं नुसतं फिरलं. एकाने ताटकळत ठेवायचं आणि दुसऱ्याने ताटकळायचं, याशिवाय प्रेमाची दुसरी रीत आम्हा दोघांनाही येत नव्हती. म्हणून त्याचं तेव्हाचं वागणं मी माफ केलंय असं नाही. त्याचा राग आहेच. पण वरच्या पाटावर बसायला मिळाल्यावर मला मजा आली होती, हेही तितकंच खरं.

मे महिन्यात त्याचा मेसेज आला. "गावी चाललोय. या महिन्यापासून पाठवू नको." मी मुद्दाम दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले तर त्याचा डीपी दिसेना, आणि माझ्या मेसेजवर एकच टिक आली.