माळ्यावरचा ‘वेताळ’ आणि लाखाचा फॉरवर्ड

सांगलीतल्या गल्लीच्या, सोसायटीच्या, दहावीच्या बॅचच्या, झाडून सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा : घरात जुनी इंद्रजाल कॉमिक्स किंवा अमर चित्रकथा असतील तर रद्दीत घालू नका, एकेका अंकाला लाखभर रुपये मिळतात. अंक जितका जुना तितका भाव जास्त. विकण्याआधी फाटलेल्या जागी सेलोटेप लावा, खराब कडा छाटा, लॅमिनेशन करून घ्या. दमट वास येत असेल तर कडक उन्हात वाळवा. आणि जो अंक भिजलाय किंवा अर्धा फाटलाय तो टाकून द्या, त्याची किंमत शून्य. खाली नेहमीचं ‘पुढे पाठवा’ आहेच.

यातलं ‘रद्दीत घालू नका’ एवढंच खरं. बाकीचं वाचून लोक कात्री घेऊन बसलेत, म्हणून हा खटाटोप.

लाखाची हवा कुठून आली असावी याचा अंदाज येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ‘सुपरमॅन’च्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. तीन भावांना ती आई गेल्यावर तिच्या घराच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडली होती. आपल्यापर्यंत ‘आई’, ‘माळा’ आणि रक्कम एवढं पोचलं. त्या प्रतीला अवस्थेसाठी दहापैकी ९.० गुण मिळाले होते, हे वाटेत गळालं. इतक्या वर्षांचा अंक जवळजवळ काल दुकानातून आणल्यासारखा होता. उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेत ते जमलं. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातली चप्पलसुद्धा पांढरी होते.

‘जितका जुना तितका महाग’ हेही याच बातमीच्या शेजारी ठेवून बघा. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात. म्हणजे हा अंक एका वर्षाने आधीचा, आणि मान पाहिला तर थोरला. त्याची ८.५ गुणांची प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. नंतरच्या सालचा, पण अर्धा गुण जास्त मिळालेला अंक दीड वर्षाने त्याच्या पुढे गेला. बाजार कुठला, दिवस कुठला, याचाही त्यात हात असतो. पण नुसतं साल बघून भाव ठरत नाही, एवढं तर दिसतंच.

आपल्याकडचं गणित आणखी वेगळं. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये बंद झाली तोवर ८०३ अंक निघाले होते. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’चे. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे नंतर आले, आबिद सुरतींचा बहादूर १९७६ च्या डिसेंबरात. संग्राहक जास्त पैसे मोजतात ते सुरुवातीच्या अंकांना, नाहीतर स्वतःच्या मालिकेत जो क्रमांक नाही त्याला. ऐंशीच्या दशकातला, घरोघरी असलेला अंक कितीही जिवापाड जपला असेल तरी त्याला गिऱ्हाईक कमीच. माझ्या पाहण्यातले बहुतेक व्यवहार शेकड्यांत होतात, थोडे हजारांत. लाखाचं बोलणारा मला अजून ग्रुपवरच भेटतो, रोख घेऊन कधी भेटला नाही.

अमर चित्रकथेच्या बाबतीत तर ‘जुना’ हा शब्दच जपून वापरावा. अनंत पै यांनी ती १९६७ मध्ये सुरू केली; ‘कृष्ण’ हा ११ क्रमांकाचा अंक. त्यानंतर तेच अंक दशकानुदशकं पुन्हा पुन्हा छापले गेले, पुढे ५०१ पासून नवे क्रमांकही पडले. आजोबांनी सत्तरच्या सुमारास आणलेला आणि मामाने नव्वदीत एसटी स्टँडवर घेतलेला, दोन्हींचं चित्र एकच असू शकतं. आधी आतल्या पानावरचा मुद्रणाचा मजकूर आणि छापलेली किंमत बघायची, मग घरातल्या आठवणी.

आता अवस्थेबद्दल. परवा ग्रुपवरच्या एका काकांनी फोटो पाठवला, सोबत ‘एकदम मस्त कंडिशन’. फोटो फक्त मुखपृष्ठाचा. मुखपृष्ठ बघून कॉमिक्सची अवस्था सांगणं म्हणजे लग्नाचा फोटो बघून संसार कसा चाललाय ते सांगणं. अंक टेबलावर सपाट ठेवायचा, खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. आधी पाठीची घडी. प्रत्येक वेळी अंक उलटा दुमडून वाचला गेला की घडीवर रंग उडून बारीक पांढऱ्या रेघा येतात, त्या मोजा. मग पिना. पीन गंजली असेल तर तिच्याभोवती तांबूस कडं दिसतं, आणि तिथला कागद बोट लावताच सुटतो. मग कोपरे, मग मलपृष्ठ, ज्याचा फोटो कुणीच पाठवत नाही.

त्यानंतर पानं मोजायची, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पिनांनी शिवलेल्या अंकात प्रत्येक कागद म्हणजे चार पानं. ३२ पानी अंकातून ५-६ चं पान गेलं, की त्याचा जोडीदार २७-२८ मागे अधांतरी राहतो. मागच्या बाजूला एखादं पान विनाकारण सुटून हातात आलं, तर पुढे काहीतरी गायब आहे असं समजायचं. मधला कागद तर अलगद निघतो आणि गोष्ट नेमक्या मारामारीत तुटते. शिवाय कापलेलं कूपन, बॉलपेनने सोडवलेलं शब्दकोडं, वेताळाला काढलेल्या मिशा, भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या लायब्ररीचा जांभळा शिक्का. मिशांमुळे भाव उतरतो, हे मान्य. मला स्वतःला त्या मिशा आवडतात.

अमेरिकेत हे सगळं ०.५ ते १० अशा मापात बसवतात; फ्लोरिडातली सीजीसी ही कंपनी २००० पासून हेच करते. ९.४ म्हणजे जवळपास कोरा अंक, ६ म्हणजे वापरलेला पण देखणा, २ म्हणजे घडी फाटलेली, वळ्या पडलेल्या, तरी गोष्ट पुरी. सांगलीतल्या व्यवहारात आकड्याची गरज नाही. दोष ओळीने लिहा आणि प्रत्येकाचा फोटो लावा.

आणि आता ते ‘नव्यासारखं करणं’. सेलोटेप लावल्या दिवशी छान दिसते. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो, पट्टी वाळून गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. शेजारचं पानही त्याला चिकटतं. फाटलेलं जोडायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, जी पाण्याने परत सोडवता येते. एवढी खटपट नको असेल तर फाटलेलं फाटलेलं ठेवा. घेणाऱ्याला फाटका कोपरा चालतो, टेप लावलेला चालत नाही.

कडा छाटणं त्याहून वाईट. आपल्याकडे हा प्रकार जुना आहे. बारा-बारा अंक बाइंडरकडे न्यायचे, तो तीन बाजूंनी मशीनवर कापून, शिवून, पुठ्ठा घालून द्यायचा. वाचायला झकास. असे गठ्ठे असतील तर गठ्ठ्यासकटच विका, उसवून सुटे करायच्या भानगडीत पडू नका. शिलाईची भोकं आणि कापलेली उंची लपत नाही. त्याच मालिकेचा न कापलेला अंक शेजारी उभा केला की दोन-तीन मिलिमीटरची चोरी लगेच दिसते. अमेरिकेत छाटलेल्या किंवा रंग भरून उजळलेल्या प्रतीला वेगळं जांभळं लेबल लागतं, आणि तेवढ्यावर किंमत खाली येते.

लॅमिनेशनला काय म्हणावं! काकांचा पुढचा प्रश्न तोच होता, “मारुती रोडला नेऊन लॅमिनेट करू का?” मी म्हटलं, “काका, त्यापेक्षा भडंगाच्या पुडीला द्या, निदान खाताना कुणी वाचेल.” थोडं तिखट झालं, पण कारण आहे. या अंकांचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक, उजेड आणि हवेने पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि ते आम्लच कागद ठिसूळ करत जातं. लॅमिनेशन ते आम्ल आतच कोंडतं, वर उष्णता आणि गोंद घालतं, आणि ते प्लॅस्टिक पुन्हा कधीच निघत नाही. हवं असेल तर पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात बीओपीपी नावाच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्या मिळतात, त्या घ्या. वास मारणारं मऊ पीव्हीसी नको. उन्हात वाळवण्याचंही हेच उत्तर : ऊन पान पिवळं करतं आणि मुखपृष्ठाचा लाल रंग खातं. सावलीत, पंख्याखाली ठेवा.

‘भिजलेला टाकून द्या’ हे सांगलीत तरी कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी पेठांत शिरलं, आणि माळ्यावर जायच्या आधीच कित्येक ट्रंका भिजल्या. भिजलेल्या कागदाला दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून घाई करायची ती फेकण्याची नव्हे, वाळवण्याची. गाळ ओला असताना पुसायला गेलात तर तो कागदात घुसतो. वाळल्यावर मऊ ब्रशने झटकायचा. पानं जबरदस्तीने सोडवायची नाहीत, अधूनमधून टिपकागद सरकवायचा. एकदम गठ्ठा भिजला आणि हात पुरत नसतील तर बटर पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, सवडीने एकेक काढता येतो. पुरात वीज नसते, हे मान्य. पाणी न आलेल्या भागातल्या पाहुण्यांचा फ्रीज मागायचा. कॉमिक्ससाठी फ्रीज मागितल्यावर पाहुणे कसे बघतात ते सोसायची तयारी हवी.

सगळं करूनही जो अंक गेला, त्याचं काय? आधी क्रमांक बघा. सुरुवातीच्या ३२ पैकी असेल तर मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीलाही विचारणारा भेटतो. कात्री खाली ठेवा. साधा अंक असेल आणि गोष्ट पुरी असेल, तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग वाचणं. घरातल्या पोरांना तोच द्या, चांगली प्रत पिशवीत राहू दे. पानं गेलेला अंक दुसऱ्या लंगड्या अंकाला कागद पुरवू शकतो. असं जोडकाम करून विकलं तर सांगायचं, नाहीतर ती फसवणूक.

राहिलेल्या चिंध्यांपासून करण्यासारखं पुष्कळ आहे : ट्रेवर, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेवर, वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटकाम, बुकमार्क, फ्रेम. पण एक अडचण येतेच. आतलं पान पातळ, त्याला फेविकॉल लागला की मागची छपाई पुढे दिसू लागते आणि वेताळाच्या छातीवर उलटी अक्षरं उमटतात. आधी कोपऱ्याचा तुकडा लावून बघा. तसं होत असेल तर पानाची रंगीत झेरॉक्स काढून ती चिकटवा, मूळ तसंच राहतं. मुखपृष्ठ जाड असतं, ते थेट चालतं. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी हवी. नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. लॅम्पशेड केलात तर बल्ब एलईडीच लावा. बुरशीचा काळा-हिरवा थर आलेला कागद मात्र शोभेसाठी घ्यायचा नाही, हाताळताना मास्क लावायचा, आणि तो खरंच फेकायचा. मेसेजमधला हा एक सल्ला एवढ्या बाबतीत लागू आहे.

या मेसेजला आता एक शेपूटही जोडलेलं दिसतंय : फाटक्या अंकांतली चित्रं स्कॅन करून कॉफीचे मग आणि टी-शर्ट छापा, घरबसल्या धंदा. आपल्या मालकीचा फाटका अंक कापून ट्रे केला आणि तो ट्रे विकला, ही एक गोष्ट. चित्राच्या शेकडो प्रती छापून विकणं ही दुसरी. तिथे चित्राच्या हक्काचा मालक येतो, आणि अंक कितीही फाटका असला तरी हक्काची मुदत संपेपर्यंत त्याची लेखी परवानगी लागते.