पालकांना आत प्रवेश नाही

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

सोसायटीतल्या मैत्रिणीबरोबर तिच्या पाच वर्षांच्या मुलासाठी एका थेरपी सेंटरमध्ये गेले होते. मुलगा चावतो, वस्तू फेकतो, शाळेतून सारखे फोन. रिसेप्शनवरच्या मुलीने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही आणि चाळीस सेशनचं पॅकेज पुढे सरकवलं. आगाऊ भरले तर सूट! मैत्रिणीने विचारलं, मी आत बसू का? तर म्हणे, "पेरेंट्सना अलाउड नाही मॅडम. तुम्ही बाहेर एसीत बसा."

मूल म्हणजे काय मिक्सर आहे, काउंटरवर दिला आणि दुरुस्त करून नेला?

माझ्या थोरल्याला ओळखणाऱ्यांना कळेल मी एवढी का चिडलेय ते. तो सात वर्षांचा असताना संध्याकाळी आमच्याकडे कंपासपेटी, चप्पल, रिमोट, हाताला लागेल ते उडायचं. शेवटी ज्या थेरपिस्ट बाई भेटल्या, त्यांनी पहिल्या दिवशी त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त प्रश्न विचारले. निघताना एक कागद दिला. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. नवरा वैतागला, एवढी फी भरून लिहायचं आपणच?

कागद फ्रिजवर लागला. सगळ्यात इमानदारीत भरला तो सासूबाईंनी. "गणिताची वही काढली. ओरडला, पेन्सिल फेकली. वही आत ठेवली, लाडू दिला. शांत झाला." दुसऱ्या दिवशी तेच, फक्त लाडवाच्या जागी चकली.

बाई ते वाचून खळखळून हसल्या. फेकलं की गणित टळतं, वर खाऊ मिळतो. त्याच्या बाजूने सगळं बरोबरच चाललं होतं की! मग एका वेळी दोनच गणितं. "थांबायचंय" असं तोंडाने सांगितलं तर पाच मिनिटं सुट्टी, फेकलं तर नाही. आधी फेकाफेक वाढली (वाढणारच, असं बाईंनी बजावलं होतं), मग हळूहळू ओसरली. पुढे त्याची लर्निंग डिसॅबिलिटीची (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) तपासणी झाली तीसुद्धा त्या कागदात सारखं गणितच दिसत होतं म्हणून.

एसीत बसून हे कसं कळलं असतं?

बरं, मान्य. कधीकधी आईला बाहेर थांबवावं लागतं. काही मुलांना औषधं लागतात, त्यात लाज कसली. पण सेशन संपल्यावर दहा मिनिटं आईबापाशी बोलायलाही कुणी नसेल तर फी कशाची घेता? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा सहा वर्षांखालच्या एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अति चळवळ) मुलांसाठी औषधाच्या आधी पालकांचं ट्रेनिंग सांगते.

येताना रिक्षात मैत्रीण रडली. "म्हणजे माझंच चुकतंय ना?" अगं नाही गं. तुला आत घ्या म्हणतेय ते तुझा दोष आहे म्हणून नाही. तो आठवड्यातला एखादा तास त्यांच्याकडे असतो, बाकी सगळा वेळ तुझ्याकडे. तुझ्याइतकं त्याला पाहिलंय कुणी?

आणि लिफ्टमधले ते काका, "दोन ठेवून द्या, सरळ होईल." काका, तुमचा सल्ला तुमच्याकडेच ठेवा. शाळेचं तर बोलायलाच नको. त्या पोराला वर्गाबाहेर उभं करतात आणि वर डायरीत लिहून पाठवतात, थेरपी करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. पण एका बाईंच्या हाताखाली साठ मुलं, त्या तरी काय करतील, हेही आहेच.

शोधात असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद, त्यांची नोंदणी तिथे होते) नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. राग आला तर उठून या. पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र बघा, तपासणी मोफत असते. रांग लागेल, पण कुणी पॅकेज गळ्यात मारणार नाही. आणि रात्री अगदीच हात टेकले तर १४४१६, टेलि-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं.

आता कामाचं. कोथरूड, कर्वेनगर, वारज्याच्या बाजूला आईबापांना सोबत घेऊन काम करणारं कुणी माहीत असेल तर नाव सांगा. स्वतःचा अनुभव असेल तरच. पॅकेजवाल्यांनी इनबॉक्समध्ये येऊ नये, आलात तर स्क्रीनशॉट इथेच टाकीन.