मालक कुठंय?

माणूस गाडीखाली आडवा असला की जगाला त्याचे फक्त पाय दिसतात, आणि नुसत्या पायांना कोणी 'अहो' म्हणत नाही. परवा हे कळलं, अजून डोकं तापलेलं आहे.

गाडी १९६९ची, ऑटोमॅटिक, खाली टर्बो हायड्रामॅटिक ३५०चा गियरबॉक्स. पुठ्ठ्यावर लाल डाग पडत होते. इंजिनचं जुनं तेल काळपट असतं; हे लाल, म्हणजे ट्रान्समिशनचं, गियरबॉक्सचं. गळती पॅनच्या, म्हणजे गियरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या परातीच्या, कडेला होती. गाडी स्टँडवर चढवली, चाकांना ठोकळे लावले आणि शिरलो खाली.

या पॅनला १३ बोल्ट आहेत, पण तेल सोडायला एकही नाही. ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्या वर्षी पॅनच्या तळाला एक भोक पाडायचं कुणाला सुचू नये! त्यामुळे एका बाजूचे बोल्ट ढिले करायचे, पॅन तिरका धरायचा आणि तेल टोपात पडेल असं समजायचं. ते मनगटावरून कोपरापर्यंत येतं, तिथं जरा विचार करतं आणि बाहीत शिरतं.

नेमक्या याच वेळी एक पॉलिश केलेली बुटांची जोडी शेजारी येऊन थांबली.

"काय रे, काय झालं?"

"गळतंय."

"एसीचं पाणी असेल."

"एसी नाहीये हिला."

"मग काढून नेला असेल कोणीतरी." बूट वाकले. "लाल आहे की! कूलंट."

"ट्रान्समिशनचं तेल आहे."

"मालकानं असं सांगितलं तुला?"

"मालक मीच आहे."

बूट क्षणभर गप्प. मग, वाद घालण्यात अर्थ नसलेल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात, "बरं, बरं. पण मालक येतो कधी?"

दोन्ही हातांवर भरलेला पॅन. बाहेर यावं तर अंघोळच. निमूट पडून राहिलो.

"त्याला म्हणावं, विकून टाक. आणि इथलं उरकलं की माझ्या गाडीचा मागचा दरवाजा बघ, खडखडतो. काय घेशील?"

तेवढ्यात चपलांची एक जोडी आली. बुटांनी तिला माझी ओळख करून दिली: "कामाला बरा आहे. पण हळू आहे हो."

मेकॅनिक समजल्याचा राग नाही. मेकॅनिकशी लोक असं बोलतात, याचा आहे. निदान तसं म्हणायला हवं. खरं म्हणजे ते 'हळू आहे' फार लागलं.

आणि हळू असणारच. हे काम घाईनंच बिघडतं. आधीच्या कुणा वीरानं गळती थांबेना म्हणून बोल्ट जीव खाऊन आवळले होते, त्यामुळे पॅनची कड प्रत्येक भोकापाशी वर उचलली गेली होती. जेमतेम १० ते १२ फूट-पौंडांचा पीळ पुरतो तिथं! लाकडी ठोकळ्यावर ठेवून एकेक भोक हातोडीनं सपाट केलं, नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून तेल गळू न देणारी पट्टी, कोरडंच बसवलं, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत नेले. ट्रान्समिशनच्या या तेलात एके काळी देवमाशाचं तेल घालत असत, गियर मऊ पडावेत म्हणून. १९७०च्या दशकात अमेरिकेनं त्यावर बंदी घातली. देवमासे सुटले, मी मात्र सापडलो.

नळीतून तेल भरलं, गाडी फिरवून गरम केली. याची पातळी इंजिन चालू ठेवून, गियर पार्कमध्ये टाकूनच बघायची असते. तशी डिपस्टिक पुसत उभा होतो, अख्खा, डोक्यासकट, तर बूट पुन्हा हजर.

"इंजिन चालू ठेवून तेल बघतोस?" ते म्हणाले. "मालकाला सांगू का?"

"सांगाच," मी म्हटलं.