कायमचे की बदलीवर?

नव्या ड्रमरच्या आईने परवा प्रॅक्टिसला मला विचारलं, "काका, तुम्ही या बँडमध्ये कायमचे आहात की बदलीवर?"

बँड मी काढला. नाव मी ठेवलं. हिचा मुलगा जन्मायच्या आधीपासून मी या बँडच्या केबल गुंडाळतोय. पण यातलं काही तोंडातून बाहेर पडायच्या आत तिने पुढचा प्रश्न टाकला. "आणि ही गिटार अशीच असते, की दोन तारा तुटल्यात?"

"अहो ताई, हा बेस आहे, खालच्या सुरांची गिटार. याला चारच असतात."

"असं होय," ती म्हणाली. स्वर असा, की माणूस अडचणीत असेल, जाऊ दे, उगाच खोलात शिरायला नको.

आमच्या बँडमध्ये वर्षभर नुसती ये-जा चालली आहे. गायक सोलो करायला गेला. त्याच्या पाठोपाठ गिटारवाला गेला, त्याचा जीव इथे घुसमटत होता म्हणे. ड्रमर गेला, त्याच्या जागी आलेलाही गेला. प्रत्येकाने जाताना लांबलचक पोस्ट लिहिली, जुने फोटो टाकले, खाली लोकांनी बदाम आणि रडके चेहरे ओतले. बहुतेक फोटोंत मी कडेला अर्धा कापलेला. जो राहिला त्याच्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही. काय लिहिणार? 'हा आजही आला'?

तर ही ताई. मुलगा वयाने सज्ञान आहे, दाढी आहे, पण आई प्रॅक्टिसला येते. येताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून येते आणि माझ्याच खुर्चीवर बसते. मी गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीवर बसून वाजवतो, कारण पाठ. तिने बसल्या बसल्या माझा अँप थोडा पलीकडे सरकवायला सांगितला, "त्याच्या कानाशी येतोय." जो मुलगा दोन हातांनी झांजा फोडतोय, त्याच्या कानाला त्रास माझ्या अँपचा! मी सरकवला. नवा गायक माझ्याकडे असा बघत होता, की हे काम माझंच असावं.

मग तिने मोबाइलवर एक गाणं रेकॉर्ड केलं आणि लगेच सगळ्यांना ऐकवलं. "बघा, यात तुम्ही ऐकूच येत नाही."

मी शांतपणे समजावलं. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण 41 हर्ट्झचा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. लोक तो कानापेक्षा छातीत ऐकतात वगैरे. बेसवाल्याचं हे ठरलेलं भाषण आहे.

ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे घरी मोबाइलवर कोणालाच ऐकू येत नाही. मग तुम्ही नसलात तर कळायचं कसं?"

गिटारवाला हसला. तो नवा आहे, महिन्याभरापूर्वी आलाय, मी त्याला अजून जुनी गाणी शिकवतोय. हसताना मात्र अगदी जुन्यासारखा हसला.

ड्रमर बदलला की मरण बेसवाल्याचं. माझा सूर त्याच्या किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, पडायला हवा. जुना किक किंचित मागे ओढून मारायचा, आम्ही दोघं त्या ओढीत मुरलो होतो. मधला कानात ठेक्याची टिकटिक, म्हणजे क्लिक, असल्याशिवाय काठी उचलेना. हा ताईंचा चिरंजीव प्रत्येक फिलनंतर, म्हणजे ओळींच्या मधल्या ड्रमच्या तुकड्यानंतर, गाणं थोडं पुढे पळवतो. मी धरून ठेवतो, तर आई पायाने ठेका धरत म्हणते, "काका मागे पडतायत." गायक बदलला की पट्टी बदलते ती वेगळीच. एकच गाणं ई-मध्ये होतं, मग जी-मध्ये गेलं, आता डी-वर आलंय. त्यासाठी खालची तार सैल केली, ती फ्रेटवर खरखरते. त्यालाही "जरा घाण वाजतंय ना?" असा शेरा मिळाला.

'बदलीवर' या प्रश्नाला इतिहासात आधार आहे, हेच जास्त झोंबतं. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडमधून बेसवाले बिल वायमन 1993 मध्ये बाहेर पडले. तेव्हापासून बेस डॅरिल जोन्स वाजवतात. तीस वर्षं उलटून गेली, अजून अधिकृत सदस्य नाहीत. बेसवालाच सापडला त्यांनाही! बीटल्सचंच बघा. जून 1964 मध्ये रिंगो स्टारचे टॉन्सिल सुजले, तर जिमी निकोल नावाच्या ड्रमरला उचलून दौऱ्यावर नेलं. रिंगो बरा होऊन मेलबर्नला पोचला आणि निकोल घरी. पण त्याला सोन्याचं घड्याळ मिळालं. मला कोणी विचारलं तर मी घड्याळावर तयार आहे.

डीप पर्पल या रॉक बँडचे चाहते तर बदलत्या लाइनअपना, म्हणजे सदस्यांच्या संचांना, मार्क वन, मार्क टू असे आकडे देतात. 1968 पासून त्या सगळ्या आकड्यांत असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. आणि लोक भांडतात कशावरून? गायक कोणता चांगला, गिटारवाला कोणता चांगला. पेसना गृहीत धरलंय. हाकलण्यात तरी इज्जत आहे. मेटॅलिका बँडने 1983 मध्ये त्यांच्या गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला न्यूयॉर्कहून थेट बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला परत पाठवलं, त्याने चिडून मेगाडेथ हा स्वतःचा बँड उभा केला. मला कोणी बसमध्ये बसवत नाही. मी बसलो की सेटलिस्ट, म्हणजे कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी, टाइप करायला देतात.

विनोद बाजूला ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

सकाळची प्रॅक्टिस मी वर्षानुवर्षं मागत होतो. रात्री पाठ धरते, कानात शिट्टी वाजत राहते, झोप लागत नाही. आधीचा गायक म्हणायचा, "दादा, रॉक सकाळी होत नाही." त्याच्या आधीचाही हेच म्हणायचा. बाकीचे माना डोलवायचे. परवा निघताना ताईंनी कानातले बोळे काढून पर्समध्ये ठेवले आणि जाहीर केलं, "याची परीक्षा आहे, रात्री अभ्यास असतो. पुढच्या आठवड्यापासून सकाळी नऊला भेटू या."

एका मिनिटात ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे आले. गायकाने वर लिहिलं, "मस्त आयडिया काकू, सकाळी आवाज फ्रेश असतो."

त्याखाली ताईंचा मेसेज: "काकांनी अजून कळवलेलं नाही. जमणार नसेल तर आधी सांगावं, दुसरं कोणी बघता येईल."