टाकीवरची तारीख ‘एक्स्पायरी’ची नाही

कुटुंबाच्या ग्रुपवर थोड्याथोड्या दिवसांनी एक मेसेज येऊन पडतो. गॅसच्या टाकीलाही एक्स्पायरी असते, टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ती तारीख उलटली की टाकी म्हणजे घरातला बॉम्ब, कधीही फुटेल. एजन्सीवाले मुद्दाम अशा टाक्या गळ्यात मारतात, आणि अपघात झालाच तर ५० लाखांचा विमाही बुडतो. शेवटी ‘सर्वांना पाठवा’. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून या मेसेजला नुसतं ‘फेक’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याला धरून बरंच चुकीचं घराघरात शिरतं.

अक्षर आणि वर्ष, हे खरं. टाकीच्या अंगापासून वरच्या गोल कड्यापर्यंत तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला हे रंगवलेलं दिसतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२७’ असेल तर जून २०२७ अखेर.

पण जून २०२७ अखेर काय? मेसेज म्हणतो, टाकीचं आयुष्य संपलं. तसं नाही. तोवर टाकीची पुढची सक्तीची चाचणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. रिक्षा-टॅक्सीच्या पासिंगची तारीख असते, तशी ही. नव्या टाकीची पहिली चाचणी १० वर्षांनी होते, नंतर दर ५ वर्षांनी. हे नियम स्फोटकविषयक कायद्याखालच्या गॅस सिलिंडर नियमांत आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे.

चाचणीत टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह काढतात. पोचे, गंज, वेल्डिंग पाहतात. मग आत पाणी भरून सुमारे २५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब देतात. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याकडच्या हवेत, टाकीतला दाब साधारण पाच-सात किलोच्या आसपास असतो. म्हणजे रोज सोसावा लागतो त्याच्या तिपटीहून जास्त दाब सोसून दाखवला, तरच टाकी पास. मग नवा रंग लागतो आणि पट्टीवर पुढची तारीख येते. नापास टाकीचं काय होतं, हे मेसेज पाठवणाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावं. गंजून तिचं मूळ वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं असेल किंवा दुसरा काही दोष निघाला, तर ती पुन्हा भरता येत नाही. ती चेपून सपाट करतात किंवा कापून तुकडे करतात, तेही पुन्हा जोडता येणार नाहीत असे. तुमच्याकडे आलेली जुनाट दिसणारी टाकी अशा चाळणीतून एकदा नाही, कदाचित तीन-चारदा गेलेली असते.

आता ‘बॉम्ब’. या शब्दाची मला खरी काळजी वाटते. टाकीतला दाब ठरतो तापमानावर. कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून तो वाढत नाही. डिसेंबरमध्ये आलेली ‘डी’ची टाकी फेब्रुवारीपर्यंत पुरली, तर वापरून संपवा आणि परत द्या. पण कोणी घाबरून ती गच्चीत नेऊन गॅस सोडून द्यायला गेला, तर मेसेजने नसलेला धोका खरोखर उभा केला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, उडून जात नाही, जिन्यावरून खाली उतरतो, कोपऱ्यात साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी एका ठिणगीला पुरतो.

घरातले अपघात मुख्यतः या गळतीतून होतात. भेगा पडलेली नळी, नीट न बसलेला रेग्युलेटर, व्हॉल्व्हच्या आतली झिजलेली किंवा गायबच असलेली काळी रबरी रिंग, उतू गेलेल्या दुधाने विझलेला बर्नर. मग तो साचलेला गॅस पेटतो, आगीने तापून टाकी फुटते, आणि बातमी येते ‘सिलिंडरचा स्फोट’. पट्टीवरची तारीख वाचून निर्धास्त झालेल्या किती घरांत नळी सात-आठ वर्षांची असते! ती दर ५ वर्षांनी बदलायची असते, आणि नारिंगी सुरक्षा नळीवर वर्ष छापलेलं असतं. टाकी आली की सील काढून आत ती रिंग आहे ना पाहा, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

एजन्सीबद्दल एवढंच, की चाचणीची तारीख उलटलेली टाकी भरायचीच नाही असा नियम आहे. तरी तशी टाकी दारात आली तर घेऊ नका, बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे. टाकी कंपनीच्या मालकीची असते, तुम्ही फक्त अनामत भरलेली असते, त्यामुळे तिच्या चाचणीचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. घरी येऊन शेगडी-नळी तपासण्याची फी वेगळी, तिची पावती मिळते.

विम्याचा आकडाही फुगवलेला आहे. तेल कंपन्यांच्या पॉलिसीत मृत्यूसाठी व्यक्तीमागे ६ लाख, उपचारांसाठी व्यक्तीमागे २ लाखांपर्यंत आणि नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेसाठी २ लाखांपर्यंत अशी तरतूद सरकारने सांगितलेली आहे. ५० लाख कुठून आले कोण जाणे.

ज्या टाकीची तारीख खरोखर पाहायला हवी, तिचा उल्लेख मात्र मेसेजमध्ये कधीच नसतो. ती म्हणजे डबल बाटलीतली दुसरी, गावच्या घरात पडवीत ठेवलेली. शहरातली टाकी दीड-दोन महिन्यांत बदलते, भरायला जाते, तपासली जाते. गावची टाकी गणपतीत आणि मे महिन्यात चार दिवस पेटते, म्हणून वर्षानुवर्षं परतच जात नाही. कोकणात खारी हवा आणि खाली ओली जमीन, त्यामुळे गंज आधी बुडाच्या कड्याला धरतो, तो टाकी तिरकी केल्याशिवाय दिसत नाही. कड्याचे पापुद्रे निघत असतील, तर तारीख कुठलीही असो, पेटवू नका. भंगारवाल्यालाही देऊ नका, आत गॅस असू शकतो आणि टाकी आपली नाहीच. एजन्सीला कळवून बदलून घ्या, किंवा दुसरी बाटली लागतच नसेल तर अनामतीची पावती दाखवून ती परत करा, पैसे मिळतात.