पेल्यात पाणी चढतं, पण ऑक्सिजन संपला म्हणून नाही

ताटलीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वरून काचेचा उलटा पेला. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. हा व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो, आणि त्याखाली ठरलेला मजकूर: 'मेणबत्तीने सगळा ऑक्सिजन जाळला, पोकळी झाली, पोकळीने पाणी ओढलं. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणून पाणीही एक-पंचमांश चढतं.' प्रयोग झकास आहे. मजकुरातला 21 चा आकडा तेवढा खरा.

'सगळा ऑक्सिजन जाळला.' नाही जाळत. बंद जागेतला ऑक्सिजन साधारण 16 टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती मान टाकते. उरलेला पेल्यातच असतो.

'पोकळी झाली.' जळालेला ऑक्सिजन काही गायब होत नाही. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पाण्याची वाफ होते. 25 कार्बन आणि 52 हायड्रोजन अणूंचा मेणाचा रेणू घ्या. तो जळायला ऑक्सिजनचे 38 रेणू लागतात, आणि बदल्यात कार्बन डायऑक्साइडचे 25 मिळतात. वाफेचं सगळं पाणी झालं असं धरलं तरी 38 मागे घट 13 ची. पाच टक्के ऑक्सिजन जळला, तर पेल्यातला वायू जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी कमी होतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरं, पण इतक्या झटपट नाही.

मग पाणी चढवतं कोण? तापमान. पेला ज्योतीवर धरताच आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. नीट पाहिलं तर पेला टेकताना काठाखालून बुडबुडे निघताना दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा निवते. 80 अंशांवरून 27 अंशांवर आली, तर तेवढ्याच दाबाला तिचं आकारमान 15 टक्क्यांनी घटतं. पाणी चढतं कधी, तेही बघा: मेणबत्ती जळत असताना फारसं नाही, विझल्यावर एकदम. ऑक्सिजन कारण असता तर उलट दिसलं असतं. त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर जातं. ऑक्सिजन तर तेवढाच होता!

'पोकळीने ओढलं.' वायू ओढत नसतो, ढकलतो. आतला दाब उतरला की बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत रेटते. हा दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंच स्तंभ पेलतो. म्हणून वरून शोषणारा पंप त्याहून खोल पाणी उचलूच शकत नाही. इटलीच्या टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाने 1644 सालीच पाऱ्याच्या नळीवरून हे सांगितलं होतं. पेल्यात पाणी चार सेंटिमीटर चढून थांबलं, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त 0.4 टक्का कमी असतो. हिला पोकळी कोण म्हणेल?

'एक-पंचमांश' हा योगायोग. पेला लहान-मोठा घ्या, सावकाश किंवा झटकन ठेवा, आकडा बदलतो. 21 टक्के खरंच मोजायचे असतील तर साध्या, गंजणाऱ्या लोखंडाचं स्टील वूल ओलं करून परीक्षानळीत कोंबा आणि नळी पाण्यात उलटी ठेवा. गंज घनरूप असतो, त्यामुळे इथे ऑक्सिजन वायूतून खरोखर वजा होतो आणि पाणी जवळपास एक-पंचमांश चढून थांबतं. मात्र त्याला काही दिवस लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा कोण धरणार?